मुलगी ८०० मीटर २:२८ मध्ये पळते: ऑलिम्पिक, अकादमी की क्लब?

प्रश्न सोलापुरातल्याच एका वडिलांचा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. जिल्हा शालेय स्पर्धेत ८०० मीटरला पहिली आली, टायमिंग २ मिनिटं २८ सेकंद. शाळेत सत्कार झाला, भाषणात कुणीतरी तिला 'सोलापूरची भावी ऑलिम्पिकपटू' म्हणालं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. मुलगी खरंच ऑलिम्पिकला जाऊ शकते का? त्यासाठी आत्ताच पुण्याच्या एखाद्या अकादमीत घालावी का? आणि तोवर आमच्यासारख्या रनिंग क्लबमध्ये पाठवली तर उपयोग आहे की वेळ वाया? कारण त्यांच्या ऐकण्यात आलंय की क्लब म्हणजे सकाळी थोडं पळून भरपूर इडली खाणारी मंडळी.

इडली खातो, हे कबूल. बाकीचं सविस्तर सांगते.

मी स्वतः ८०० आणि १५०० पळायचे. सोलापूरचं विद्यापीठ २००४ सालचं. आमच्या वेळी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे सिलेक्शन म्हटलं की कोल्हापूरची एसटी. आंतरविद्यापीठ स्पर्धेपुढे माझी मजल गेली नाही. मग नोकरी, लग्न, मुलं, आणि या सगळ्यातून वाट काढत पळणं. आता क्लबात शाळकरी मुलींचा गट मी बघते. म्हणजे ऑलिम्पिक मला टीव्हीवरून माहीत आहे आणि क्लब आतून. उत्तर वाचताना एवढं धरून चाला.

आधी रोख हिशेब. पॅरिस २०२४ साठी महिलांच्या ८०० मीटरची थेट पात्रतेची वेळ होती १:५९.३०. तुमच्या मुलीच्या वेगाने तेवढ्या वेळात साधारण ६४५ मीटर होतात. पात्र ठरलेली बाई रेघ ओलांडते तेव्हा तुमची मुलगी शेवटच्या वळणात असेल आणि दीडशेच्या वर मीटर बाकी असतील. पॅरिसला या शर्यतीच्या जागा ४८, एका देशाच्या जास्तीत जास्त तिघी. वेळ गाठता आली नाही तर जागतिक क्रमवारीतून शिरता येतं, पण क्रमवारीचे गुण मोठ्या दर्जाच्या शर्यतींत मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच परदेशात होतात. आपल्याकडून या अंतरावर काय झालंय तेही बघा. गीता झुत्शी १९८० ला मॉस्कोत पळाल्या. शायनी अब्राहम १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये उपांत्य फेरीत पोचल्या. टिंटू लुका २०१२ ला लंडनमध्ये उपांत्य फेरीत होती, आणि तिने २०१० साली काढलेली १:५९.१७ ही वेळ पॅरिसच्या पात्रतेपेक्षा फक्त तेरा शतांश सेकंदाने सरस आहे. एवढ्या मोठ्या देशाचा हा हिशेब आहे. तेव्हा सत्कारात बोलणाऱ्यांना नमस्कार करावा आणि घरी यावं.

पण हाच हिशेब उलट्या बाजूनेही मांडते, कारण २:२८ ही टाकाऊ वेळ नाही. महिलांची ८०० मीटर ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा पळवली गेली १९२८ ला, ॲमस्टरडॅमला. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती २:१६.८ मध्ये जिंकली आणि तो जागतिक विक्रम होता. तुमची नववीतली मुलगी त्या विक्रमाच्या अकरा सेकंद मागे आहे. त्या शर्यतीनंतर काही धावपटू दमून खाली बसल्या, यावरून वर्तमानपत्रांनी गहजब केला की बायकांना एवढं अंतर झेपत नाही. मग ही शर्यत काढूनच टाकली. परत आली ती १९६० ला, रोममध्ये. मधली बत्तीस वर्षं ऑलिम्पिकमध्ये बाईने दोनशे मीटरच्या वर पळायचं नाही असा कारभार होता. पुरुष शर्यत संपल्यावर आडवे पडले तर त्याला जिगर म्हणायचे. असो.

आता मुद्द्याचं. पंधराव्या वर्षाच्या टायमिंगवरून ऑलिम्पिकचं भविष्य सांगता येत नाही, आणि याचे दोन ठसठशीत पुरावे आपल्याच शेजारच्या दुष्काळी पट्ट्यातले आहेत.

पहिली ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, आणि माण म्हणजे आपल्या माळशिरसला लागून. शाळेत ती खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याचं पळणं, मुंबई मॅरेथॉन वगैरे. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेली शर्यत, तिने धरली तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ ला आशियाई अजिंक्यपद, आणि २०१६ ला रिओत प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये उभी राहिलेली ती पहिली भारतीय बाई. ती फायनल आपल्याकडे १५ ऑगस्टच्या संध्याकाळी होती. क्लबातले आम्ही सगळे एकाच्या घरी जमलो होतो. ती दहावी आली आणि आमच्यातल्या अर्ध्यांना वाटलं की हरली. त्यांना समजवायला मला रात्र झाली. आणखी एक सांगते: महिलांची स्टीपलचेस ऑलिम्पिकमध्ये आली २००८ ला. ललिता पंधरा वर्षांची होती तेव्हा ज्या शर्यतीत ती पुढे नाव काढणार होती, ती ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच!

दुसरा अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंट. सियाचीनला पोस्टिंग झालेलं. शर्यतीचं पळणं सुरू झालं ते सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतीतून, विशी उलटल्यावर. तिथून २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्य, २०२३ ला हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिक फायनल आणि अकरावा क्रमांक. पंधराव्या वर्षी या पोराचं स्टीपलचेसचं टायमिंग काय होतं? नव्हतंच. तो शाळेला पायी जात-येत होता.

हे दोघं उशिरा सुरू झाले म्हणून मोठे झाले, असं मी म्हणत नाही. त्यांचं पहिलं शालेय बक्षीस पिळून घेणारं कुणी भेटलं नाही, एवढंच म्हणते. आपल्याकडे चौदा-पंधराच्या मुलींना रोज स्टॉपवॉच लावून फोडतात, पहिल्या दोन वर्षांत टायमिंग झपाट्याने खाली येतं, सगळे खूष. मग अंगात बदल होतात, वजन वाढतं, वर्ष-दीड वर्ष टायमिंग जागचं हलत नाही किंवा मागे जातं. ते नैसर्गिक आहे, पण तोवर मुलीला 'आळशी झालीस' ऐकवून झालेलं असतं आणि अकरावीत ती पळणं सोडते. हुरडा म्हणून भाजून खाल्लेल्या कणसातून पुढं ज्वारीची अपेक्षा धरायची नसते.

आता क्लब. इथं जरा रेंगाळणार आहे, कारण याच गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ निघाला तोच मुळात एका मराठी गावातल्या क्लबातून. पुण्याचं डेक्कन जिमखाना १९०६ चं. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यातले शेतकरी अनवाणी पळताना त्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनात आलं की ही माणसं ऑलिम्पिकला का जाऊ नयेत. १९२० ला अँटवर्पला सहा जण गेले, चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, जवळजवळ पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा होता. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. भारतीय ऑलिम्पिक संघटना तेव्हा जन्मालाही आली नव्हती, ती १९२७ ची. मैदान, चार हौशी माणसं, पदरचे पैसे खर्च करणारा एक अध्यक्ष आणि वर्षातून एकदा भरणारी स्पर्धा, एवढ्यावर ते काम झालं.

पुढं मात्र आपल्याकडे क्लब मागे पडले आणि त्यांची जागा खात्यांनी घेतली. साबळे फौजेचा, ललिता पळायची तेव्हा रेल्वेची, पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. पगार, रजा, बूट, प्रशिक्षक हे सगळं खातं देतं. त्यात वाईट काही नाही. पण खातं खेळाडूला घेतं ते तयार झाल्यावर. तयार होण्याआधीची आणि खेळ संपल्यानंतरची वर्षं कुणाची? ती क्लबची.

आमच्या क्लबात सकाळी कोण असतं ते सांगते. पूर्व भागातला यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट मैदानावर येणारा एक जण. बँकेतले दोघं. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर. विडी कामगार बाईचा मुलगा, जो आमच्यातला सगळ्यात वेगवान आहे. जुळे सोलापुरातल्या तीन गृहिणी, ज्या पहिल्या वर्षी साडी नेसून चालायच्या आणि आता दहा किलोमीटर एका दमात पळतात. शिवाय पोलीस भरतीची पोरंपोरी. भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर असतं, त्यामुळे सोलापुरात तुमच्या मुलीचं अंतर पळणाऱ्या मुली ढिगाने आहेत, फक्त त्यांच्या डोक्यात ऑलिम्पिक नाही, वर्दी आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी आमच्यातले दोघं नंदीध्वज पेलण्याच्या सरावाला जातात आणि महिनाभर आमच्याकडे येत नाहीत. त्यांना कुणी विचारतही नाही. अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर ती काठी पेलून चालणं हा काय कमी व्यायाम आहे? शेवटच्या लॅपला कडेने आरडाओरडा होतो तो मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत: 'पळ', 'ओडु', 'उरुकु'.

या गर्दीत पंधरा वर्षांच्या मुलीला काय मिळतं? पहिलं म्हणजे सोबत. पहाटे पाचला अंधारात एकटी मुलगी विजापूर रोडवर पळू शकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. दहा जणांच्या घोळक्यात पळू शकते. दुसरं, हळू पळायला शिकणं. ही गोष्ट शाळेच्या मैदानावर कुणी शिकवत नाही, कारण तिथं सगळ्या एकाच वयाच्या आणि रोजच शर्यत. चाळिशीच्या काकांच्या शेजारी गप्पा मारत पाच किलोमीटर पळताना कुणाला हरवायचं नसतं, आणि ८०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा श्वासावर, म्हणजे याच संथ पळण्यातून तयार होणाऱ्या क्षमतेवर चालतो. तिसरं, हरलेली माणसं बघायला मिळतात. आमच्यातले बहुतेक जण कधीच काही जिंकलेले नाहीत आणि तरी सोमवारी हजर असतात. पदकाशिवाय पळता येतं हे पंधराव्या वर्षी डोळ्यांनी बघितलेल्या मुली अकरावीतल्या त्या वाईट वर्षातून तरतात. मला तरी असंच दिसलंय.

माझंच सांगायचं तर दुसऱ्या बाळंतपणानंतर मला परत मैदानावर आणलं ते क्लबातल्या बायकांनी. घरच्यांचा विरोध नव्हता, पण हौसही नव्हती कुणाला. त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मी पळायचे कमी आणि चालायचे जास्त, आणि माझ्यासाठी कुणीतरी एक जण रोज स्वतःचं पळणं सोडून चालायची. पस्तिशीनंतर मास्टर्सच्या स्पर्धा असतात. त्यात मी पुन्हा १५०० पळाले, पन्नाशीतही पळाले. कॉलेजमधलं टायमिंग आठवून वाईट वाटतं का, असं मुली विचारतात. नाही वाटत. ते टायमिंग काढणाऱ्या पोरीला पुढच्या महिन्यात पळता येईल की नाही याची धास्ती असायची.

क्लबात सगळं गोड आहे असं समजू नका. अलीकडे पळण्यापेक्षा टी-शर्ट, मेडल आणि फोटो यांची हौस वाढली आहे. सोलापुरातही आता हाफ मॅरेथॉन होते, चांगली गोष्ट आहे, पण त्यानंतर आठवडाभर क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं काही दिसत नाही. हातातल्या घड्याळाला विचारल्याशिवाय आपण दमलोय का हे न कळणारे लोकही आमच्यात आहेत. रुसवेफुगवे, दोन गट, वर्गणीवरून वाद, हेही आहे. मुलीच्या दृष्टीने खरा धोका वेगळाच: उत्साही काका तिला 'चल, दहा किलोमीटरला बक्षीस आहे' म्हणून रोडरेसला नेतात. गावोगावच्या अशा शर्यतींत शाळकरी मुली डांबरी रस्त्यावर, सकाळी नऊच्या उन्हात, रोख बक्षिसासाठी जीव काढून पळतात. नडगीची दुखणी तिथूनच सुरू होतात. आमच्या गटात सोळाच्या आतल्या मुलीने रोडरेस पळायची नाही, हा माझा नियम आहे, आणि त्यावरून माझ्याशी अबोला धरलेले दोन पालक आहेत.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

मुलीला आधी तिच्या दोन लॅपची, म्हणजे चारशे मीटरच्या दोन फेऱ्यांची, वेगवेगळी वेळ विचारा. कुणी वेगवेगळे घेतले नसतील तर पुढच्या वेळी घ्या. जिल्ह्याच्या शर्यतीत मुली पहिला लॅप ६५ सेकंदांत मारतात आणि दुसऱ्याला ८३ लागतात, बेरीज २:२८. हीच बेरीज ७२ आणि ७६ मिळूनही होते. पहिल्या प्रकारची असेल तर आनंदाने उडी मारा, कारण नुसतं पहिल्या लॅपला हात आखडता घ्यायला शिकली तरी काही सेकंद कमी होतील, जास्तीचा सराव न करता. डेव्हिड रुडिशाने २०१२ ला लंडनमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचे लॅप होते ४९.२८ आणि ५१.६३. या अंतरावरचा जगातला सगळ्यात वेगवान माणूससुद्धा दुसऱ्या लॅपसाठी एवढं राखून ठेवतो.

ट्रॅकवर सराव करताना कुठल्या लेनमध्ये पळते तेही बघा. चारशे मीटर फक्त पहिल्या लेनमध्ये असतात. आठ लेनच्या ट्रॅकवर आठव्या लेनचा एक फेरा सुमारे ४५३ मीटर भरतो. बाहेरच्या लेनमध्ये लॅप लावून 'टायमिंग पडलं' म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

आठवड्यात एक दिवस जोराचं, फार तर दोन. बाकी संथ, एक दिवस पूर्ण सुट्टी. शक्य तितकं मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावर, आणि स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, फक्त जोराच्या दिवशी. खो-खो, कबड्डी खेळत असेल तर बंद करू नका. मार्च ते जूनचं सोलापूर तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत साडेसहाच्या आत मैदान सोडायचं, आणि मे महिन्यात टायमिंग घ्यायचंच नाही.

खाण्याबद्दल पालक मला हमखास पावडरीचा डबा दाखवतात. तो कपाटात ठेवा, नाहीतर परत करा. ज्वारीची भाकरी, डाळ-मटकी, शेंगा, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, आणि मुख्य म्हणजे पोटभर. पळणाऱ्या मुलींचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: जेवढं जळतं तेवढं पोटात जात नाही. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो तळाला गेलेला असू शकतो, आणि मग मुलगी विनाकारण दमते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. पाळी तीन महिने आली नाही तर 'सराव जास्त आहे म्हणून' असं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. तशा मुलींची हाडं लवकर तडकतात. हे वडिलांना लिहिताना मला संकोच नाही आणि वाचताना तुम्हालाही नसावा. पावडरीबद्दल आणखी एक: उत्तेजकांच्या बाबतीत नियम असा की शरीरात सापडलं तर जबाबदार खेळाडू, डब्यावर काय लिहिलं होतं हे नंतर सांगून उपयोग नाही. 'ताकदीचं इंजेक्शन' देतो म्हणणारा कुणी मैदानावर भेटला तर मुलीचा हात धरून बाहेर पडा.

कागदपत्रांकडे लक्ष द्या, कारण तुमच्या घराला ऑलिम्पिकपेक्षा त्यांचा उपयोग होण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चढत जाते. संघटनेच्या वयोगटातल्या स्पर्धा वेगळ्या. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक स्तरावरचं पदक लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. जन्मतारखेत कुणी 'एक वर्ष कमी करून देतो' म्हणालं तर साफ नाही म्हणा. निवड चाचण्यांच्या तारखांवर स्वतः नजर ठेवा. मला एकदा राज्याच्या चाचणीची तारीख आदल्या रात्री कळली होती, तीही दुसऱ्या जिल्ह्यातल्या मैत्रिणीकडून. ज्यांनी कळवायचं त्यांना ते गरजेचं वाटलं नव्हतं. आता अशा तारखा आमच्या ग्रुपवर फिरतात. फोटोंच्या गर्दीतून शोधाव्या लागतात एवढंच.

पुण्याच्या अकादमीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दहावी होईपर्यंत नको. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर गोष्ट वेगळी, तिथं राहणं, शाळा आणि प्रशिक्षण एकत्र असतं आणि चाचणी देऊनच प्रवेश मिळतो. चाचणी जरूर द्या. खासगी अकादमी असेल तर पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन दोन दिवस राहा. मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक असते का? दुखापत झाल्यावर पळायचं की नाही हे कोण ठरवतं, डॉक्टर की प्रशिक्षक? शाळेला खरंच पाठवतात की नावापुरतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: तीन वर्षांपूर्वी आलेल्या मुलींपैकी आज किती जणी पळतायत? भिंतीवरची पदकं दाखवतील. तुम्ही सोडून गेलेल्यांचा आकडा मागा. तो न सांगणाऱ्याकडे मुलगी ठेवू नका.

दहावीनंतर टायमिंग २:१५ च्या आसपास आलं, तिला स्वतःला जायचं असलं आणि चांगला प्रशिक्षक मिळत असला, तर मीच तुम्हाला पुण्याच्या गाडीत बसवून देईन. २:२० ला थांबलं तरी पोलीस, रेल्वे, क्रीडाशिक्षिका असे रस्ते उघडे आहेत, आणि कदाचित तिचं खरं अंतर १५०० किंवा स्टीपलचेस असेल. ते आणखी चार-पाच वर्षं कळणार नाही. २०२८ ला लॉस एंजेलिस आहे, तेव्हा ती नुकती कॉलेजात असेल. ती स्पर्धा तिला निवांत बघू द्या.

शेवटचं तुमच्याबद्दल. रोज मैदानावर थांबू का, असंही जाता जाता विचारलंत. आणायला-सोडायला या, कठड्यावर बसून मोबाइलवर टायमिंग घेऊ नका. परतीच्या वाटेवर 'किती आलं?' हा पहिला प्रश्न नको, भूक लागली का ते विचारा. सोमवारपासून पाठवा, पाच वाजता, मुली मला अक्का म्हणतात, तिनेही तेच म्हणावं. पहिले दोन आठवडे ती फक्त हळू पळेल, तक्रार करेल, ऐकू नका. आणि तेवढा वेळ उभं राहायचा कंटाळा आला तर बूट घालून या. पन्नाशीच्या पुरुषांच्या रिलेला आमच्याकडे एक जण कमी पडतोय.